अर्ध्यावर अडलेली किक

आप्पा,

तुमच्या दशक्रियेला मी कावळ्याला नको ते आश्वासन देऊन बसलो.

घाटावर त्या दिवशी गर्दी होती. मी नुकतंच तुळतुळीत झालेलं डोकं घेऊन, सुटू पाहणारं धोतर एका हाताने धरून उभा होतो. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून सगळं जावयाने करायचं ठरलं होतं. पिंड मांडून झाले. समोरच्या पत्र्यावर कावळे ओळीने बसले होते आणि एकही खाली येईना. शेजारच्यांच्या पिंडाला शिवून गेले, आपल्याकडे नुसतं मान तिरकी करून बघत राहिले. मी घरात काही दुरुस्त करायला घेतलं की तुम्ही अगदी असंच बघायचात.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला. मागे लोक थांबलेत."

मेधाचा चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "काका, घराची काळजी करू नका." कावळे ढिम्म. कोणीतरी म्हणालं, मेधाला आम्ही सगळे आहोत. त्याचाही उपयोग नाही. तुमच्या खालच्या मजल्यावरचे शिरोळकर काका घसा खाकरून पुढे झाले, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि तसेच मागे सरकले. मेधा मात्र गप्प. तुमची एकुलती एक मुलगी. रिक्षावाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत कोणालाही दोन शब्द ऐकवायला मागेपुढे न पाहणारी. पदराचं टोक मुठीत धरून पिंडांकडे बघत उभी होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला माहीत होतं, आणि ते ती तिथे, चारचौघांत बोलणार नव्हती.

गुरुजींनी दर्भाची काडी उचलली. "दर्भाचा कावळा करून लावू या."

ते मला सहन झालं नाही. तुम्ही कधी दुकानातला आयता मसाला चालवून घेतला नाहीत, आणि शेवटच्या घासाला गवताचा कावळा? मी ओरडलोच. "आप्पा, तुमची गाडी मी चालू करतो! स्वतः! आणि मेधाला मागे बसवून फेरी मारून आणतो!"

पंखांची फडफड झाली आणि एक कावळा थेट मधल्या पिंडावर उतरला.

शिरोळकर काका माझ्या कानाशी म्हणाले, "त्याला तुमचं यंत्रांचं ज्ञान ठाऊक नसावं."

खरंच नसावं. मी शाळेत भूगोल शिकवतो. वारे कसे फिरतात, समुद्राचे प्रवाह कसे फिरतात, पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते हे मी झोपेतही सांगेन. इंजिन कसं फिरतं, हे सांगायची जबाबदारी आमच्या घरात तुमची होती.

पण मी ते का बोललो, ते तुम्हाला सांगायला हवं. कारण तुम्हाला वाटेल, जावई नेहमीसारखा बोलून गेला.

गेल्या दिवाळीत तुम्ही चौकात गाडीवरून पडलात. फार लागलं नव्हतं, कोपर खरचटलं आणि चष्म्याची काडी मोडली. पण मेधा धायरीहून कोथरूडला पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं असेल ते तिलाच माहीत. तिने तुमच्या कोपराला पट्टी बांधली, दाराच्या खुंटीवरची गाडीची चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. "आप्पा, आता पुरे."

मी खुर्चीत सावरून बसलो. मला वाटलं, आता तुमचं सुरू होणार. हा देश म्हाताऱ्यांना कसा वागवतो, चौकातले खड्डे कोणाच्या कृपेने आहेत, रिक्षावाल्याने हात दाखवला होता की पाय. तुम्ही फक्त म्हणालात, "बरं."

ते 'बरं' मेधा घरी घेऊन आली. माझ्याशी त्यावर कधी बोलली नाही, पण रविवारी तुमच्याकडे येताना पोह्यांत दाणे जास्त पडायला लागले, आणि तुम्हाला फोन दिवसातून दोनदा जायला लागले. तुम्ही गेलात त्या सकाळीही तिने फोन केला. मी समोर चहा पीत होतो.

"दम का लागलाय, आप्पा?"

"जिना चढलो."

"उतरलात कशाला?"

"गाडी पुसायला."

"जी चालवायची नाही ती पुसून काय करायचंय? विकून टाकू या आता तिला."

तुम्ही पलीकडून हसलात. मला इथपर्यंत ऐकू आलं. मग म्हणालात, "बघू."

दुपारी कामवाल्या बाईंचा फोन आला. तुम्ही खुर्चीत, मांडीवर पेपर, पंखा चालू. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसावा. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात का, आप्पा? तुम्ही असतात तर विचारलं असतंत.

त्या दिवसापासून मेधा रडली नाही. माणसं भेटायला आली की चहा करायची, कोण कुठे बसेल ते बघायची. फक्त एकदा, तेलकट डबे पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेवटचं काय बोलले मी त्यांना? विकून टाकू या." मग पुढचा डबा घेतला.

म्हणून मी ओरडलो घाटावर. कावळ्यासाठी नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही कोथरूडला गेलो. मेधा वर घर आवरायला, मी खाली पार्किंगमध्ये, आश्वासन पाळायला. शिरोळकर काका आपल्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचायला बसले. कालचा पेपर. म्हणजे ते मला बघायला बसले होते.

मी कव्हर काढलं. गाडी तिरक्या स्टँडवर, आरशासारखी पुसलेली. मेधा शाळेत असतानापासूनची ती शंभर सीसीची गाडी, तिला बटण नाही, फक्त किक. हँडलला हेल्मेट अडकवलेलं होतं, मेधाने तुमच्या पंचाहत्तरीला दिलेलं. मी ते काढून कठड्यावर ठेवलं. चावी लावली. मग वाकून पेट्रोलचा कॉक उघडायला गेलो, तर तो उघडाच होता. बरं झालं, एक काम कमी, असं म्हणून मी उभा राहिलो आणि तुमचा जावई शोभेल अशी किक मारली.

किक अर्ध्यावर गेली आणि दगडावर आपटावी तशी थांबली. झिणझिण्या गुडघ्यापर्यंत आल्या. दुसरी मारली, तीच गत. तिसऱ्यांदा मी दोन्ही पायांनी किकवर उभा राहिलो. अर्ध्यापुढे काही सरकलं नाही, फक्त चप्पल तुटली.

"ती झोपाळा आहे का?" शिरोळकर काका पेपराआडून म्हणाले.

तेवढ्यात मेधा खाली आली. आणि मी, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, छाती काढून निदान केलं, "इंजिन सीझ झालंय. इतके महिने उभी राहिली ना. आतून गंजून धरलं असणार. आता काही होत नाही."

आप्पा, तिचा चेहरा तुम्ही बघायला नव्हतात ते बरं.

"म्हणजे मी चावी घेतली म्हणून," ती म्हणाली.

मी घाईघाईने तसं नाही, हवेतला ओलावा, दमटपणा असं काहीतरी भूगोलाचं बोलायला लागलो. तिचं लक्ष नव्हतं. ती कठड्यावरचं हेल्मेट बघत होती. या हेल्मेटचा इतिहास तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ते मिळाल्या दिवशी तुम्ही डोक्यावर चढवलंत, आरशात बघितलंत, "आता फक्त चंद्रावर जायचं राहिलं" असं म्हणालात आणि गॅलरीत खिळ्याला उलटं टांगून त्यात कपड्यांचे चिमटे ठेवलेत. पुढे कितीतरी रविवार तुम्हा बापलेकींचं भांडण त्या चिमट्यांवरून व्हायचं. "डोक्याला काही झालं तर?" "डोकं चाललं नाही म्हणून तर हेल्मेट लागतं लोकांना."

"चिमटे वर गॅलरीत दुधाच्या पिशवीत कोंबलेत," मेधा म्हणाली. "मघापासून विचार करतेय, हेल्मेट कुठे गेलं. चावी काढून घेतली म्हणून रागाने माझी वस्तूसुद्धा घरात नको झाली त्यांना. खाली आणून टाकलं."

"अगं, तसं नसेल."

"भंगारवाल्याला बोलवा. न्या म्हणावं." आणि ती वर गेली. जिना चढताना तिचा हात कठड्यावर होता. तिने जिन्याचा कठडा धरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तो आठवडा वाईट गेला. शाळेत मी दोन वर्गांना एकच धडा दोनदा शिकवला आणि मुलांनी मला तो शिकवू दिला. ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, टेम्पोत घालून आणून टाका, खोलल्यावर कळंल." खोलल्यावर. तुम्हाला हा शब्द किती आवडत नसे! उघडून तर कोणीही बघेल, न उघडता सांगा, असं तुमचं. टेलिफोन खात्यात तक्रारी घेण्यात जन्म गेला तुमचा. लोक ओरडत यायचे, फोन बंद आहे, आणि तुम्ही विचारायचात, घुर्र आवाज येतो की काहीच नाही?

आणि मग मला सिंहगड रस्ता आठवला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. माझी स्कूटर भर उन्हात बंद पडली होती आणि मी बूथवरून तुम्हाला फोन केला.

"आप्पा, गाडी बंद पडलीय."

"ही तक्रार झाली, जावईबापू. लक्षण सांगा."

"किक मारतोय, चालू होत नाही."

"किक रिकामी जाते? जागची हलतच नाही? की अर्ध्यावर अडते?"

"त्याने काय फरक पडतो?"

तुम्ही इतका वेळ गप्प राहिलात की मी बूथमध्ये आणखी एक नाणं टाकलं. मग म्हणालात, "डॉक्टरांना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि ते म्हणाले, कुठे दुखतं त्याने काय फरक पडतो, तर तुम्ही दुसऱ्यांदा जाल का त्यांच्याकडे?"

त्या अपमानाचा राग मी पुढचा अधिक महिना येईपर्यंत धरला. जावयाचा महिना. माझ्या मित्रांना सासरहून चांदीचं निरांजन, तबक. तेव्हा सासूबाई होत्या, त्यांनी मलाही तेहेतीस अनारसे केले होते, जाळीदार, नजर लागावी असे. अनारसे संपत आले तेव्हा तळाशी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. प्लग खोलायचा पाना. सासूबाई कपाळाला हात लावून आत गेल्या. तुम्ही म्हणालात, "वाण द्यायचं ते उपयोगी पडेल असं द्यावं."

इतकी वर्षं तो पाना आमच्या शोकेसमध्ये निरांजनाच्या जागी उभा आहे, आप्पा. निरांजन सासूबाईंनी मागाहून गुपचूप दिलं, ते देवघरात आहे. पाना मी एकदाही वापरला नव्हता. शनिवारी तो काढला, पिवळं फडकं अजून होतं, त्याच्यासकट पिशवीत टाकला.

रविवारी मेधा वर भांडी बांधत होती. मी खाली. शिरोळकर काका दारात. या वेळी पेपरसुद्धा नव्हता.

मी गाडीसमोर उभा राहिलो आणि तुमच्या आवाजात स्वतःला विचारलं. किक रिकामी जाते? नाही. जागची हलत नाही? तसंही नाही, अर्ध्यापर्यंत छान जाते. म्हणजे अर्ध्यावर अडते. मग जावईबापू, गेल्या रविवारी सीझ कशावरून म्हणालात? सीझ झालेलं इंजिन अर्धंसुद्धा कशाला जाईल?

मग तुमची दुसरी युक्ती. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि हाताने पुढे ढकलली. चाक थोडं फिरलं, अडलं. मागे ओढली. सहज आली, आणि थोडं मागे येऊन पुन्हा अडली. पुढे, मागे. दोन्हीकडे हलतंय, दोन्हीकडे एका ठिकाणी थांबतंय. गंजाने धरलेलं असतं तर कुठेच हललं नसतं. आत पिस्टन वर जायला बघतोय आणि वर काहीतरी आहे, जे त्याला जागा देत नाही.

"हां," शिरोळकर काका म्हणाले. एवढंच. पण खुर्ची थोडी पुढे घेतली.

पाना लावला. प्लग हट्टी होता. मी कुरकुरलो, पाना कुरकुरला, आणि मग प्लग सुटला. भोकात काहीतरी चमकत होतं. मी काय आहे ते बघायला तोंड जवळ नेलं आणि त्याच वेळी हाताने किक खाली दाबली. ही अक्कल माझी स्वतःची, तुम्ही शिकवलेली नाही.

कारंजं उडालं. माझ्या कपाळावर, चष्म्यावर, शर्टावर. नुकते केस फुटू लागलेल्या टकलावर गार गार काहीतरी ओघळलं. पेट्रोल. सिलिंडर पेट्रोलने भरलेलं होतं. हवा असती तर दाबली गेली असती, पेट्रोल दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन अर्ध्यावर अडत होता. मी पुन्हा किक दाबली. आणखी थोडं उडालं. पुन्हा. आता किक पार खालपर्यंत गेली, लोण्यातून जावी तशी.

मी टकलावरचं पेट्रोल पुसत नाचायच्या बेतात होतो. सीझ नाही! गंज नाही! मेधाचं काही चुकलेलं नाही! शिरोळकर काकांकडे वळलो, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"कॉक उघडा होता?" त्यांनी विचारलं.

"हो. मागच्या रविवारी मी हात लावला तेव्हा उघडाच होता."

"आप्पांनी कॉक उघडा ठेवला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या कार्बोरेटरची सुई झिजली होती, कॉक उघडा राहिला की पेट्रोल आत पाझरायचं, हे घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. किती वर्षं भांडलो त्यावरून आपण! मी म्हणायचो, एवढीशी सुई, बदलून टाका. तुम्ही म्हणायचात, कॉक बंद करायला विसरत नाही तोवर सुईला काय धाड भरलीय? गाडी थांबली की मागून मेधाने वाकून तो बंद करायचा, हे तिचं लहानपणापासूनचं काम. ती विसरली की तुम्ही जिन्यातून ओरडायचात, "मेधा, कॉक!" तुम्ही कॉक उघडा ठेवून जिना चढलात असं कधी झालंच नाही. आणि दिवाळीपासून उघडा असता, तर टाकी केव्हाच रिकामी झाली असती. मी गाडी हलवली. टाकी जवळजवळ भरलेली होती. पडलात त्या दिवशी तुमची गाडी मीच घरी आणली होती, रिझर्व्हवर, टाकी तळाला गेलेली. चावी तर मेधाच्या पर्समध्ये.

शिरोळकर काकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक चावी काढून कठड्यावर ठेवली.

"ही दुसरी," ते म्हणाले. "माझ्याकडे ठेवायचे. मेधा कपाटं आवरते ना, म्हणून. सकाळी दूधवाला गेला की खाली यायचे, टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायचे आणि परत. रहदारी सुरू व्हायच्या आत घरी."

"रोज?"

"रोज."

"सगळ्या सोसायटीला माहीत होतं?"

"तुम्ही दोघं सोडून."

"मग सांगितलं का नाही, काका?"

"वचन घेतलं होतं त्यांनी. घाटावर सांगणार होतो. तुमचा कावळा मध्ये आला." त्यांनी कठड्यावरची चावी उगाच सरळ केली. "त्या दिवशीही जाऊन आले होते. मला चावी दिली. म्हणाले, शिरोळकर, आज जिना वाढल्यासारखा वाटतोय. मी म्हटलं, वय वाढलंय, जिना तेवढाच आहे. हसले, वर गेले. कव्हर दुपारी मी घातलं. कॉककडे नाही बघितलं हो. बघितलं असतं तर कळलं असतं, माणूस ठीक नाही म्हणून."

आम्ही दोघं गाडीपाशी उभे राहिलो. मी पेट्रोलने भिजलेला, ते कोरडे, आणि दोघांनाही नाक ओढावं लागत होतं.

आप्पा, त्या सकाळी तुम्हाला काय होत होतं? छातीत कळ आली म्हणून कॉक राहिला? की दमून वाकता आलं नाही? आयुष्यात एकदाच विसरलात, आणि ते विसरणं तुम्ही गेल्यावरही तिथे थेंब थेंब साचत होतं. जिना चढून तुम्ही फोन उचललात, तुमच्या मुलीला वाटलं तुम्ही गाडी पुसून आलात, आणि ती म्हणाली विकून टाकू या. तुम्हाला दम लागला होता, तरी हसलात. सांगायचं होतंत हो. निदान मला. मी काही तुमची चावी घेतली नव्हती. मी सांभाळून घेतलं असतं, मेधाला वाईट वाटू दिलं नसतं. की मला सांगितलं तर मी घाटावर सगळ्यांसमोर ओरडेन, हेही निदान तुम्ही आधीच केलं होतंत?

वर जाऊन मेधाला सांगावं की नाही, हे मला जिन्याच्या वळणापर्यंत ठरवता येईना. सांगितलं तर ती म्हणेल, चावी घेऊनही मी त्यांना थांबवू शकले नाही, त्या फेरीनेच गेले. नाही सांगितलं, तर ते 'बरं' आणि ते 'विकून टाकू या' ती जन्मभर उशाला घेऊन झोपेल. मग मला वाटलं, लक्षण आपण सांगावं. निदान तिचं तिला करू द्यावं.

"पेट्रोलने आंघोळ केलीत का?" दारातच ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. कारंजं, कॉक, टाकी, दुसरी चावी, टेकडी, जिना. काही गाळलं नाही. ती पातेलं पोटाशी धरून ऐकत होती. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणून हसले."

"हो."

"मला म्हणाले, गाडी पुसायला उतरलो होतो."

"हो."

"खोटारडे," ती म्हणाली, आणि पातेल्यात तोंड घालून रडली. आप्पा, मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण पेट्रोलचा इतका वास येत होता की तिने रडता रडताच मला ढकललं.

नंतरचं काम तुमच्या पद्धतीने केलं. पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं असणार, तसंच चालू केलं तर इंजिन खरंच जाईल, हे मला कसं सुचलं ते मलाही कळलं नाही. तुमचंच कुठलं तरी जुनं बोलणं कानात राहून गेलं असेल. जुनं ऑइल काढलं, पाण्यासारखं पातळ झालेलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं आणलं, शिरोळकर काकांनी नरसाळं धरलं. प्लग पुसून बसवला. कॉक उघडला. पहिली किक पार खालपर्यंत गेली, पण गाडी गप्प. दुसरीला खोकली. पुढच्या कितव्या तरी किकला तिने इतका धूर सोडला की दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी आपटून लावली, आणि मग ती चालू झाली. तोच आवाज, थोडा अडखळत, मग एकसारखा. मेधा जिन्यात उभी होती. तुम्ही कामावरून यायचात तेव्हा ती याच आवाजाला दार उघडायची, हे तिने मला लग्नाआधी कधीतरी सांगितलं होतं.

सुईचं भांडण तुम्ही जिंकलात, हे इथे मान्य करून टाकतो. माझं ऐकून ती बदलली असतीत, तर पेट्रोल पाझरलं नसतं, किक पहिल्याच दिवशी खाली गेली असती, आणि आम्हाला काही कळलंच नसतं. सुई तशीच राहील. कॉक मी बंद करीन. विसरलोच तर मागून ओरडणारं माणूस आहे.

टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलो, तुमच्याच रस्त्याने. माझ्या डोक्यावर माझं हेल्मेट, तिच्या डोक्यावर तुमचं, तिला मोठं होणारं. तिथे गाडी थांबवून मी विचारलं, उतरायचंय का, तर माझ्या पाठीला हेल्मेट टेकवून तिने नुसती मान हलवली. ती 'हो' म्हणाली की 'नाही' ते मला कळलं नाही, म्हणून तसेच बसून राहिलो. परत आलो. गाडी बंद केली, आणि मी स्टँडवर लावायच्या आत मागून तिचा हात खाली आला आणि कॉक बंद करून गेला.

मग तिने हेल्मेट काढलं. उलटं करून दोन्ही हातांत धरलं आणि आत नाक खुपसून वास घेतला. तुमच्या ब्राह्मी तेलाचा वास, आप्पा. माझ्यापर्यंत आला. आतलं कापड कपाळाच्या जागी तेलाने काळं पडलं होतं.

तिने त्या काळ्या जागेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "चिमटे काढले होते हो त्यांनी."